एकवीस दिवस बांधलेला हात

आईची पिशवी काढली तेव्हा मी सहावीत होते. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे बायका असंच म्हणतात, बाजारात पिशवी विसरल्यासारखं. दसरा होऊन गेला होता आणि गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या बेतात होत्या. आईला जीपमधून घरी आणलं तेव्हा वडिलांच्या हातात दवाखान्यानं दिलेला एक जाड कागद होता. तो त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून देवाच्या फोटोमागं ठेवला. दवाखान्याचा कागद म्हणजे जपायची वस्तू, एवढं त्यांना माहीत होतं. कागद इंग्रजीत होता. घरात अक्षर ओळखणारी मी एकटी, आणि माझं इंग्रजी फळांची आणि प्राण्यांची नावं संपली की संपायचं.

पंधराव्या दिवशी आई ट्रॅक्टरवर बसून कारखान्याच्या वाटेला लागली. मला शाळेसाठी मामाकडं ठेवलं. त्या हंगामात तिनं पोटाला साडीचा पट्टा बांधून उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिल्या. टाक्यातून पाणी येत राहिलं. मेली नाही ती. पण चैत्रात परत आली ती कमरेतून वाकून, आणि त्यानंतर मी तिला सरळ उभी राहिलेली पाहिली नाही.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी तो कागद काढून वाचला. सात दिवसांनी दाखवायला या, तीन महिने जड उचलू नका, टाक्यातून पाणी आलं तर लगेच या. सगळं लिहिलेलं होतं. मी आईला मराठीत सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग तवा कावून न्हाई सांगितलं?"

रागानं नव्हती म्हणाली. खरंच विचारत होती.

आमच्या वस्तीवर पदवी घेतलेली मी पहिली. बाप्यांमध्येसुद्धा पहिली. बी.एस्सी. नर्सिंग. गावानं मला परस्पर डाक्टरीण करून टाकलं आणि आईनं ते कधी दुरुस्त केलं नाही. नोकरीची पुढची सगळी वर्षं बीडला एका दवाखान्यात काढली, त्यातली शेवटची अकरा ड्रेसिंगच्या खोलीत. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका माझ्याकडं यायच्या. आता निवृत्त होऊन वर्ष झालं. पाय अजून दुखतात. उभं राहून केलेल्या नोकरीचं पेन्शन तेवढं पायांना मिळत नाही.

लोकांना वाटतं, या बायकांना धीर देणं हे आमचं काम. धीर द्यायला वेळ असतो कुणाला? काम साधं असतं. ऑपरेशनमध्ये छातीबरोबर काखेतल्या गाठीही काढतात. आत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून कुशीतून एक नळी सोडलेली असते आणि नळीच्या टोकाला दाबून चपटा केलेला एक प्लास्टिकचा डबा. तो हळूहळू फुगत पाणी ओढतो. रोज किती पाणी आलं ते मोजायचं, कमी झालं की नळी काढायची. बायका तो डबा कापडी पिशवीत घालून पदराखाली धरून एस.टी.नं येत. एक बाई तर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून आणायची. शेजारच्या प्रवाशानं काय भाजी आणली विचारलं, तर म्हणे शेवग्याची आमटी.

दुसरं काम हाताचं. काखेतल्या गाठी गेल्या की त्या हातातलं पाणी वर जायच्या वाटा अर्ध्या बुजतात. हात सुजू शकतो, आणि एकदा सुजला की पुरता उतरत नाही. म्हणून त्या हाताला सुई नको, बी.पी.चा पट्टा नको, हंडा नको, घट्ट बांगड्या नकोत. बांगड्यांवर मी जेवढी भांडले तेवढी सासरी भांडले नाही. नवरा जिता असताना हात रिकामा कसा ठेवायचा? शेवटी मी सांगू लागले की दुसऱ्या हातात दुप्पट भरा, देवाला हिशेब लागतो. परळीच्या एका सासूबाईंनी मला वेगळंच विचारलं होतं. काढलेलं कुठं ठेवलंय? देहाचा भाग हाय, मातीत घालावा लागतो. मी म्हटलं, तपासायला गेलाय. त्या म्हणाल्या, तपासून झाल्यावर द्या.

आणि तिसरी गोष्ट, जी या सगळ्यांच्या उलट वाटते. हात जपायचा, पण हलवायचा. रोज. दुखला तरी. नाहीतर खांदा धरतो आणि हात अंगाला चिकटून बसतो. यासाठी बाईला भिंतीसमोर उभं करायचं आणि बोटांनी भिंतीवर चढायला लावायचं, मुंगी चढते तसं. काल कुठवर गेली त्याच्या एक बोट वर आज. करून दाखवायला पाचच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं मी एकदा वाचवली.

गयाबाई चकलांब्याच्या बाजूच्या. पंचेचाळीशीच्या आसपास, बारीक, काटक. घरचा धंदा मेंढरांचा. वर्षातले आठ महिने कळपामागं पाल टाकत फिरायचं. त्यांची गाठ मोठी होती म्हणून आधी सलाईनमधून औषधाचे डोस देऊन ती लहान केली आणि मग मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. पुढचं ड्रेसिंग आमच्याकडं. डोसांनी केस गेले होते. पहिल्या दिवशी पदर सरकला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बगा बाई, माझी बी कातरणी झाली. लोकर कुणाला इकली काय ठावं." मला त्या तेव्हाच आवडल्या.

त्यांच्याबरोबर नवरा, ग्यानबा. त्याला मी मामा म्हणायचे. आमच्या खोलीत नवरे फारसे येत नाहीत. येतात ते दारात उभं राहून मोबाईल बघतात. हा माणूस आत यायचा, नळीचा डबा स्वतः धुऊन द्यायचा, आणि पाणी किती आलं ते बोटांच्या पेरांवर सांगायचा. काल तीन पेरं, आज अडीच. माझ्या मापाशी मी एकदा ताडून बघितलं. बरोबर होतं.

नळी काढली तो सोमवार होता. दोन सिस्टर रजेवर, बाहेर बाक भरून बायका, आणि मी सकाळपासून बसलेली नव्हते. गयाबाईंची नळी काढली, पट्टी केली. आता भिंतीपाशी उभं करून हात दाखवायचा. नवरा शेजारी उभा, बाईंनी पदर घट्ट ओढलेला, बाहेरून कुणीतरी ओरडतंय. मी टेबलावरचा छापील कागद उचलला. मराठीतला, चित्रांचा, मीच कार्यालयाच्या मागं लागून छापून घेतलेला. मामांच्या हातात दिला आणि तोंडानं सांगितलं, जड उचलू द्यायचं नाही, काही टोचू द्यायचं नाही, हात जपायचा, बाकी सगळं यात आहे, आठ दिवसांनी या. मामांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

आठ दिवसांनी ते आले नाहीत. पंधरा दिवसांनीही नाहीत. यादीत नाव होतं, फोन लावला तर लागत नव्हता. कळपामागं असतील म्हणून मी सोडून दिलं. असं सोडून द्यायची सवय लागते. सगळ्यांच्या मागं धावलं तर समोरची राहते.

ते आले तेव्हा चौथा आठवडा सुरू होता. मामांचा चेहरा खुललेला. गयाबाईंनी पदर बाजूला केला आणि मला आधी कळेचना काय बघतेय ते. त्यांचा डावा हात कोपरात मुडपून छातीशी धरलेला, त्याला बांबूच्या बारीक कांबी लावलेल्या, आणि वरून जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी हात, खांदा, छाती असं सगळं एकत्र गुंडाळलेलं. काम इतकं सुबक होतं की आमच्या शिकाऊ मुलींना दाखवावं.

"एकवीस दीस व्हते काल," मामा म्हणाले. "आज सोडायला आणलंय. एक टाका हलू दिला न्हाई."

मग कळलं. हा माणूस त्या भागात मेंढरांचे मोडलेले पाय बसवण्यासाठी ओळखला जातो. लांबून लोक त्याला बोलवायला येतात. पाय सरळ करायचा, कांबी लावायच्या, एकवीस दिवस बांधायचा. "शंभराच्या वर पाय जोडलेत बाई म्या. एक बी लंगडं न्हाई." बायकोचा हात जपा असं सिस्टरनं सांगितलं होतं. त्याला जपण्याची जी रीत येत होती, त्या रीतीनं त्यानं तो जपला होता. एकवीस दिवस बाईला काडी उचलू दिली नव्हती. भाकरी त्यानं थापल्या, पाणी त्यानं आणलं, वेणी नव्हतीच, नाहीतर तीही घातली असती.

मी पट्ट्या सोडल्या. जखम सुंदर भरली होती. माझ्या अकरा वर्षांत इतकी कोरडी, स्वच्छ जखम मी फार थोड्या वेळा पाहिली. आणि खांदा धरला होता. हात बाजूला घ्या म्हटलं तर काखेत मूठ मावेल एवढाच हलला. गयाबाईंनी ओठ दाबून धरले.

मी मामांवर ओरडले. फार ओरडले, बाहेरचा बाक ऐकत होता. कागदावर सगळं लिहून दिलं होतं ना म्हटलं, कुठाय तो कागद? त्यांनी टोपी काढली. कागद तसाच होता, घडीसुद्धा नवी.

"तुमीच दिलता की. जपून ठिवलाय."

"वाचून घेतला का कुणाकडून?"

"वस्तीवर हाय कोन वाचनारं? चितरं बगितली म्या. बाई भिताडाला हात लावून हुबी हाय." त्यांनी घडी उलगडून चित्रावर बोट ठेवलं. "आमच्या पालाला भिताड कुठलं, शिस्टर बाई?"

मी खुर्चीवर बसले. माझ्या आईला न कळणारा कागद दिलेल्या त्या कुण्या नर्सला मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. तिचाही सोमवारच असेल.

हात वर जाणं हा काही शोभेचा प्रश्न नव्हता. गयाबाईंचे शेक बाकी होते. किरणांच्या उपचाराला आमच्याकडं शेक म्हणतात. गाठ मोठी असली की ऑपरेशननंतर शेक घ्यावेच लागतात, नाहीतर आजार त्याच जागी उलटायची भीती. त्या मशीनखाली बाईला उताणं झोपवतात आणि हात डोक्याच्या वर घेऊन टेकवतात. किरणं छातीवर तिरपी पडतात, हात मध्ये आला तर चालत नाही. हात डोक्यावर न जाणाऱ्या बाईला शेक देता येत नाही, इतकं ते सरळ आहे. दोन दिवसांनी मामा गयाबाईंना शहरात शेकांचं मोजमाप घ्यायला घेऊन गेले आणि तसेच परत आले. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना फोन केला. पंधरा दिवस देतो, तोवर हात वर आला तर सुरू करू, त्यापुढं थांबणं धोक्याचं.

गयाबाईंना त्याचं फार काही वाटल्यासारखं दिसलं नाही. "निघायचं ते निघालं," त्या म्हणाल्या. "आता कायला शेक आन् बिक?" मी त्यांना सांगितलं की गवत कापलं तरी मूळ राहतं. म्हणाल्या, "ते खरं हाय." पण हात पुढं करायला तयार होईनात.

तीन दिवस त्या रोज चकलांब्याहून बीडला आल्या. गरम पाण्याचा शेक देऊन मी त्यांना भिंतीशी उभं करायचे. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमनीही बघितलं. तीन दिवसांत दोन बोटं. तिसऱ्या दिवशी गयाबाई भिंतीला डोकं टेकून म्हणाल्या, "बाई, ह्यो हात उपटून ठिवून घ्या तुमच्याकडं. म्या पुन्यांदा येते न्यायला." हसत म्हणाल्या, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पाचव्याही नाहीत.

सहावा दिवस माझ्या सुट्टीचा होता. घरात सगळे म्हणाले, एवढ्या वर्षांत कुणाच्या घरी गेली नाहीस, आता कशाला? खरं होतं. मी काही थोर बाई नाही, पेशंटच्या घरी जाणाऱ्यातली तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी पाय पाण्यात सोडून बसणारी मी. पण तो कागद मी दिला होता. एस.टी.नं गेवराई, तिथून जीपनं चकलांबा, पुढं विचारत विचारत शिवारातून चालत.

पाल दिसलं तेव्हा दुपार कलली होती. मामा चुलीपाशी भाकरी थापत होते. भाकरी चांगल्या गोल होत्या हे सांगायला हवं. गयाबाई सुबाभळीच्या झाडाखाली हात पोटाशी धरून बसल्या होत्या. मला बघून उठल्या, आणि आता ही बाई मारणार अशा चेहऱ्यानं पुन्हा बसल्या. कळप दीर चारायला घेऊन गेला होता. मागं राहिल्या होत्या दोन शेळ्या, एक व्यायला झालेली.

मी पाणी प्यायले. तेवढ्यात ती गाभण शेळी झाडाच्या बुंध्यावर पुढचे पाय टाकून वरच्या पाल्याकडं मान ताणायला लागली. पोहोचेना. ओरडायला लागली. गयाबाई पुटपुटल्या, "आगं पडचील, रांडं." आणि उठल्या. झाडाला एक लांब काठी टेकवून ठेवलेली होती, टोकाला लोखंडी आकडा बांधलेली. तो डहाळीत अडकवून खाली ओढायचं, की शेळ्यांना पाला मिळतो. त्यांनी ती उजव्या हातानं उचलली. लांब काठी एका हातात ठरत नाही, टोक डुलायला लागलं. आणि त्यांचा डावा हात आपणहून वर आला आणि काठीला लागला. छातीपाशी. मग आकडा डहाळीला पोचवायला काठी वर सरकली, आणि तिच्याबरोबर तो हातही सरकला. हनुवटीपर्यंत. दुखलं असणार, कारण त्या थांबल्या. पण शेळी ओरडत होती.

मामा पिठाच्या हातानं धावले. "आगं ठेव! फाटंल सगळं!"

मी त्यांचा सदरा धरला. "मामा, गप बसा."

डहाळी खाली आली. शेळी खायला लागली. गयाबाईंनी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या खोलीत तीन दिवसांत जे झालं नव्हतं ते शेळीनं दोन मिनिटांत करून घेतलं होतं. मी शिकलेली बाई, पण भिंतीवर कशासाठी चढायचं हे मला त्यांना पटवता आलं नव्हतं. वर काही नव्हतंच ना तिथं.

मग आम्ही तिघं बसलो. मी मामांना जमिनीवर काडीनं काढून दाखवलं, खांदा कसा धरतो, मशीनखाली हात कुठं लागतो. तेव्हा या कामात मला कधी नाही ते कुणी शिकवलं. मामा म्हणाले, मेंढीचा पाय सोडला की काम अर्धंच झालेलं असतं. ती दुखरा पाय टेकतच नाही, तीन पायांवर हिंडते. मग तिला रोज उतारावरून चालवायची. उतारावर चौथा पाय टाकावाच लागतो. "मला ठावं हाय ते, शिस्टर बाई. म्या म्हनलं बांदायचं सरलं की मंग उतार. बांदायचंच नसतंय हे कुनी सांगितलं न्हाई."

मी सांगितलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाकर खा."

तिथंच ठरलं. रोज सकाळ-संध्याकाळ शेळ्यांचा पाला गयाबाईंनी काढायचा. आधी गरम पाण्याचं फडकं. कोवळ्या डहाळ्याच ओढायच्या, झटका द्यायचा नाही. काटा लागू नये म्हणून मामांचा लांब बाह्यांचा सदरा घालायचा. आणि काटेरी बाभळीला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मान हलवली. मामांनी मेंढरांवर खूण करायचा तांबडा रंग आणला आणि पालाजवळच्या कडुलिंबाच्या खोडावर पहिली रेघ ओढली, गयाबाईंची बोटं जिथवर गेली तिथं. भिताड नव्हतं, लिंब होता. मला ते आधी सुचायला हवं होतं.

त्यानंतर मामा माझ्यापेक्षा कडक निघाले. रोज संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरून फोन यायचा. आज चार बोटं चढली. आज ती रडली पण चढली. आज मला शिव्या दिल्या, पण लिहून घ्या, तीन बोटं. लिहून घ्या म्हणायचे, म्हणून मी खरंच लिहून घ्यायचे.

अकराव्या दिवशी ते न सांगता दारात उभे. गयाबाईंच्या डाव्या मनगटाच्या वर लाल चट्टा, हात कोपरापर्यंत गरम. बाभळीचा काटा. शेंगा पिकल्या होत्या आणि शेळ्यांना बाभळीच्या शेंगांइतकं काही आवडत नाही. गाभण शेळीचं मन मोडवेना म्हणे. हात सुजला तर शेक लांबणार, आणि लांबवायला दिवसच नव्हते. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि दोन दिवस आमच्याच दवाखान्यात हात उशीवर उंच ठेवून पडायला सांगितलं. त्या दोन दिवसांत मी गयाबाईंशी बोलले नाही. पट्टी केली, गोळ्या दिल्या, बोलले नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्या माझ्या पदराचं टोक धरून म्हणाल्या, "बाई, रुसू नका ना. मला मरायचं न्हाई. लई उशिरा कळलं, पन मरायचं न्हाई."

आधी असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

चट्टा उतरला. उरलेले दोन दिवस गयाबाईंनी शेळ्यांकडं बघितलंही नाही, नुसता लिंब आणि तांबड्या रेघा. पंधराव्या दिवशी पहाटेच ते शहराला गेले. मी ड्रेसिंगच्या खोलीत होते, बाक भरलेला होता. मोबाईल टेबलावर उलटा ठेवला होता, कारण दर मिनिटाला बघितलं जात होतं. आलेल्या प्रत्येक नवीन बाईला मी भिंतीशी उभी करून हात करून दाखवत होते आणि घरी भिंत आहे का ते विचारत होते. एक म्हणाली, हे काय विचारणं, शिस्टर?

दुपारी मामांचा फोन आला. मागं दवाखान्याचा गलका. हात डोक्यावर गेला होता, पण पुरता टेकत नव्हता, चार बोटं अधांतरी राहत होता. मग तिथल्या मुलीनं त्याखाली फोमची उशी सरकवली, गयाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि हात तसाच धरला. अंगावर खुणा केल्या. मोजमाप झालं. "आत घेतली, शिस्टर बाई," ते म्हणाले, आणि फोन बंद करायचंच विसरले. मी बंद केला. माझ्याकडं पट्टी सोडलेली बाई बसलेली होती.

थोडा पश्चात्ताप राहतो, तो सांगून टाकते. गयाबाईंचा हात संध्याकाळी अजून थोडा सुजतो. तो सुजणारच होता की मी वाचवलेल्या पाच मिनिटांमुळं सुजतो, हे मला कुणी सांगू शकणार नाही. आणि त्या सोमवारी बाकावर बसलेल्या बाकीच्या किती जणींना मी नुसता कागद देऊन पाठवलं, ते मला आठवत नाही. त्यातल्या सगळ्या परत आल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्यांना हात बांधता येत नव्हते, एवढीच त्यातली बरी गोष्ट.

ते दोघं पाच आठवडे शहरात दवाखान्याच्या धर्मशाळेत राहिले. कळप दिरानं सांभाळला. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही पिल्लं मादी. गयाबाईंची छाती शेकांनी काळी पडली, घशाला कोरड पडली, तरी त्या रोज सकाळी रांगेत उभ्या राहिल्या आणि रोज हात डोक्यावर घेऊन झोपल्या. दहाव्या दिवशी उशी काढून टाकली.

ठरलेले सगळे शेक त्यांनी पूर्ण घेतले. एकही चुकला नाही.